चीनच्या बादशहाचे पंचांग

गुरुजी, आपल्याला जाऊन एकोणीस वर्षे झाली, आणि आज मी त्या पाद्र्याच्या ओसरीवर बसून आलो. टेकडीपलीकडचा तोच बंगला. दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरी आपण तेथे जाऊन त्याला न्यायशास्त्र शिकवीत होता, आणि तो आपल्याला चीनच्या बादशहापाशी राहिलेल्या कोणा फिरंगी धर्मोपदेशकाचे चरित्र मराठीत सांगत असे. त्या उपदेशकाने चिनी झगा घातला, दरबारी रीतीने जमिनीला कपाळ टेकले, घड्याळे दुरुस्त केली, ग्रहणे वर्तवून बादशहाचे पंचांग सुधारले; धर्माविषयी मात्र चकार शब्द काढण्याची त्याला मुभा नव्हती. पाठशाळेत आपण हे रंगवून सांगत होता. मी म्हणालो, "घड्याळ हे आमिष आहे, गुरुजी." आपण उजव्या हाताची दोन बोटे वर करून हसला. "असेल रे. पण चिनी बोलू लागला तो उपदेशक; बादशहा काही त्याची भाषा बोलू लागला नाही. मग गळाला लागला कोण, सांग पाहू!"

मला ते हसणे रुचले नाही. बंगल्यावरून परतताना आपण तळ्यात बुडी मारून ओल्या धोतराने येता, हे मी पाहत होतो. अवेळी स्नान, त्या अर्थी विटाळ. विटाळ, त्या अर्थी पाद्र्याच्या घरचे अन्नपाणी. स्नानाचे दुसरे कारण संभवते का, हे तपासले नाही. तसाच ब्रह्मवृंदापुढे बोललो. आपण प्रतिवाद केला नाही. प्रायश्चित्त घेतले, जाणे सोडले. तरी सोडून गेलेली निम्मी पाठशाळा परत आली नाही.

आज तो म्हातारा पाद्री म्हणतो, "शास्त्रीबुवांनी येथे पाण्याचा थेंबही घेतला नाही. स्नान का, असे विचारले तर म्हणत, शिष्यांच्या मनात किंतु नको." ही साक्ष मी ग्राह्य धरीत नाही, साक्षीदार स्वतःच पक्षकार आहे. पण सांगताना त्याने दोन बोटे वर केली, अगदी आपल्यासारखी.

त्या चरित्राच्या पोथीत आपले ऐकणे थांबले त्या पानात त्याने अजून खुणेचा दोरा ठेवला आहे. मी म्हणालो, "पुढे सांगा."

परतताना मीही तळ्यात बुडी मारली. दारातच पत्नी म्हणाली, "अगबाई, या वयात अवेळी आंघोळ? कुणाचा विटाळ झाला?"

"पाय घसरला," मी म्हणालो.

हा कागद पोथीच्या बासनात बांधून ठेवीन. तेथे कोणी पाहत नाही. तळ्याच्या पायऱ्या कोरड्या होत्या, गुरुजी.