स्वयंपाकघरातला कंप्रेसर

११ जून, सोमवार

पुन्हा नोझल गेलं! पत्र्यावर कापायच्या मशीनची टॉर्च टेकवली, निळी ज्योत निघाली, दोन बोटं लांबी कापून झाली आणि मग फट् — फट् — मांजर शिंकतं तशी थुंकायला लागली. कापलेली कड बघवत नाही. उंदराने कुरतडल्यासारखी.

कंप्रेसरमधून टॉर्चला जाते त्या हवेत पाणी आहे. एवढं मलाही कळतं. आबेल सांगायचा, "आई, ही मशीन काहीही सहन करते, ओली हवा नाही करत." सांगून पोरगा गेला दक्षिणेला, पुंता आरेनासला. हवा कोरडी कशी करायची ते सांगायचं राहिलं. आणि या आमच्या बेटावर कोरडं असतं काय? मीठ ओलं, काड्यापेटी ओली, पांघरूण ओलं. माणसं तेवढी कोरडी!

म्हणून तर कंप्रेसर स्वयंपाकघरात आणून बसवलाय. अख्ख्या घरात कोरडी जागा तेवढीच. चूल दिवसभर पेटलेली. वरच्या दोरीवर मोजे वाळतात, मग हवा का नाही वाळणार? भिंतीला भोक पाडून नळी मागच्या शेडमध्ये नेली. आबेलचा बाप, सेलेदोनियो, असता तर त्या भोकावरून आठ दिवस भांडला असता.

९ जुलैला त्याला जाऊन दोन वर्षं होतील. डोंगरातल्या वळणावर ट्रक घसरला तिथे त्याची आनिमिता आहे — माणूस रस्त्यावर अवचित गेला की त्याच्या जिवाला टेकायला बांधतात तसलं एवढंसं घर. लाकडाचं होतं. पावसाने कुजलं. छप्पर आत बसलंय आणि मेणबत्ती टिकत नाही. ९ तारखेच्या आत लोखंडी करून ठेवायची आहे. दारावर त्याची होडी कापायची. बाप-लेक कापायचे तेव्हा पत्रा मीच धरायचे. मला येईल.

१२ जून

दुपारभर कापलं. अर्धी भिंत. पुन्हा थुंकी.

१५ जून, शुक्रवार

अकरा ते दोन शेडमध्ये होते. हिवाळ्यात उजेड तेवढाच. तोंडावर मुखवटा, मागे कंप्रेसरचा गोंगाट. बाहेर आले तर कुंपणाच्या खांबावर ताटली, वर फडकं. आत चार मिल्काओ — बटाट्याचे, आत चरबीचे कुरकुरीत तुकडे, अजून गरम. ताटली ओतिलियाची, निळ्या काठाची. शेजारीण हाक न मारता गेली? की मारली आणि मला ऐकू आली नाही?

कशाबद्दल पण? दोन वर्षं व्हायला अजून अवकाश आहे. ओतिलिया उगाच चरबी खर्च करणाऱ्यातली नाही.

चारही खाल्ले. उभ्यानेच.

१६ जून

ताटली रिकामी कशी द्यायची? जांभळे बटाटे घातले नि गेले. ओतिलियाचं दुकान म्हणजे गावाचं कान-नाक-डोळा. फोनही तिथेच होता, तो मेच्या वादळापासून मुका पडलाय.

ओतिलियाने बटाटे घेतले, पदरात लपवलेलं काही दाखवशील का अशी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बस? तुला काही सांगायचं नाही?"

"काय सांगू? नोझल जळतंय."

"नोझल!" ती म्हणाली. "बरं बाई. तुझं नोझल तुला लखलाभ." आणि वळून साखर जोखायला लागली.

काय चुकलं माझं? मिल्काओ छान झाले होते हे सांगायला हवं होतं का?

१८ जून

खरं सांगायचं तर कंप्रेसर चालू असला की मला बरं वाटतं. घुरघुरतो, भांडी थरथरवतो, टाकी भरली की एकदम गप्प. मग आपणहून पुन्हा सुरू. घरात कुणीतरी आहे, रागावतंय, दम खातंय, परत बोलतंय असं वाटतं. शेडमध्ये काम नसलं तरी चालू ठेवते हल्ली. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे.

२० जून

पाऊस. नोझल. कुणी आलं नाही.

२१ जून

आज राग आला. आबेलचा. पोरगा दक्षिणेला गेल्याला तीन वर्षं झाली. तिथे कुणी यास्ना म्हणून मुलगी आहे, तिच्याबरोबर राहतो, एवढं ईस्टरला फोनवर कळलं. त्यानंतर काही नाही. फोन बिघडला म्हणून काय झालं? ज्याला बोलायचं असतं तो वाट काढतो. बाप होता तोवर दर रविवारी फोन यायचा. म्हणजे तो बापाशी बोलायचा, मी मध्ये नुसती येर्बाच्या कडू चहाची वाटी भरायचे.

त्याला यायला सांगायचं नाही असं ठरवलंय. आपण होऊन आला तर आला.

२४ जून, रविवार

काल सान हुआनच्या सणाची रात्र. पलंगाखाली तीन बटाटे ठेवले — एक सोललेला, एक अर्धा, एक सालासकट. सकाळी डोळे मिटून हात घातला. सालासकटचा आला! म्हणजे वर्ष भरभराटीचं. हसू आलं. एकट्या बाईची भरभराट म्हणजे काय, बटाटेच.

शेजारी कोकरू भाजलं होतं. वास आला, अकॉर्डियन ऐकू आलं, बोलावणं आलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आज मिस्सा संपल्यावर ओतिलियाला चॅपेलच्या दारात गाठलं. म्हटलं, "लोखंडी करतेय म्हणून रागावलीस का? जिवाला गारठा भरेल म्हणून?"

"मला काय करायचंय? लोखंडी कर, नाहीतर सोन्याची कर." शाल आवळली. "मेलेल्यासाठी एवढं करतेस नोल्फा, थोडं जित्यांसाठी पण कर. काळीज आहे का दगड?"

आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या बायका सगळ्या जमिनीकडे बघत होत्या!

जित्यांसाठी? कोण जितं उरलंय माझ्याकडे? मी म्हणजे जितीच ना? माझ्यासाठी कोण करतंय? घरी येऊन खूप रडले. मग कंप्रेसर लावला.

२६ जून

दुपारी पुन्हा बसले कापायला. छपराचा एक उतार कसाबसा निघाला. आता दोनच नोझल शिल्लक. असंच चाललं तर ९ तारखेला रिकाम्या हाताने जावं लागेल वळणावर. दोन वर्षांत या बाईने नवऱ्याला चार भिंती दिल्या नाहीत असं म्हणतील. म्हणोत. पण मीच म्हणेन, त्याचं काय?

१ जुलै, रविवार

आज माणूस आला घरी! आन्सेल्मो, आबेलचा धर्मपिता, सेलेदोनियोचा होडीतला सोबती. तो पलीकडच्या किनाऱ्यावर राहतो. शिंपले काढणाऱ्या पाणबुड्यांचे कंप्रेसर दुरुस्त करतो. ९ तारखेची विचारपूस करायला आला होता. बोलायला कुणी मिळालं म्हणून मी इतकी बडबडले की येर्बा तीनदा थंड झाली.

स्वयंपाकघरातला कंप्रेसर बघितला आणि जो हसायला लागला! "वहिनी, हा इथे काय करतोय? जेवायला बोलावलंय का?"

म्हटलं, इथे कोरडं आहे.

"कोरडं? किटली बघा. रश्शाचं भांडं बघा. मोजे वाळतायत म्हणता, त्या मोज्यांतलं पाणी कुठे गेलं? हवेत! उबदार हवा पाणी पिऊन बसते, दिसू देत नाही. मग तुम्ही तिला नळीतून गारठलेल्या शेडमध्ये ढकलता. तिथे ती सगळं ओकते, बरोबर टॉर्चच्या तोंडाशी."

मी नळीला हात लावून पाहिला. चुलीकडे कोमट, शेडमध्ये बर्फ. सांधा सोडला तर भळभळ पाणी. कपभर तरी. खिडकीच्या काचेवर रोज सकाळी हेच बघते मी आणि डोक्यात शिरलं नाही!

"या हवेला थंडीत ठेवा," तो म्हणाला. "वाटेत गार होऊ दे, वाटेतच पाणी सोडू दे. मग जी पुढे जाईल ती कोरडी. चुलीपाशी बसून कुणी कोरडं होत नाही वहिनी, झोपाळू होतं."

कळलं सगळं. पण कंप्रेसर बाहेर न्यायचा म्हटल्यावर माझा चेहरा पडला असणार, कारण तो म्हणाला, "काय झालं? जड आहे म्हणून? मी नेतो की."

जड आहे म्हणूनच, म्हटलं.

२ जुलै

आन्सेल्मो सकाळी पुन्हा आला. कंप्रेसर लाकडाच्या खोपीत गेला, जिथे वारा भोकाभोकांतून येतो. नळीऐवजी लोखंडी पाइप, भिंतीवरून उतरत नेलेला, सगळ्यात खाली एक तोटी. ती अधूनमधून सोडायची, पाणी गळून जातं. तिथून पाइप पुन्हा वर चढतो. पुढे पाणबुड्यांच्या सामानातली जाड बरणी बसवली, आत निळे दाणे. ओल लागली की दाणे गुलाबी पडतात. मग चुलीच्या भट्टीत भाजायचे, परत निळे. म्हणजे चुलीचा उपयोग आहे, पण हवेसाठी नाही.

जाताना आन्सेल्मो म्हणाला, "आबेलला कळवलंत का?"

म्हटलं, त्याला आठवण असेल तर तो कळवेल.

त्याने टोपी चढवली आणि निघाला. पोराच्या कागाळ्या त्याला आवडत नाहीत.

३ जुलै, मंगळवार

कापलं! सुईतून दोरा जावा तसं. टॉर्च एकदाही शिंकली नाही. कड इतकी साफ की बोट फिरवत बसले. उरलेली भिंत, छपराचा दुसरा उतार — सगळं एकाच नोझलवर. तोटी सोडली तर वाटीभर पाणी निघालं. हेच इतके दिवस माझ्या जिवावर उठलं होतं.

"बघितलंस?" असं मोठ्याने म्हणाले. कुणाला कोण जाणे.

४ जुलै

घर फार गप्प आहे. खोपीतला कंप्रेसर आतून ऐकूही येत नाही. चमचा ठेवला तरी दचकते. रात्रीच्या जेवणाला दोन ताटं काढली. सेलेदोनियो गेला तेव्हा पहिले काही दिवस असं व्हायचं, त्यानंतर आजच.

आता फक्त दार राहिलं. होडीची आकृती खडूने काढून ठेवली. त्याच्या होडीचं नाक जरा वर होतं, ते बरोबर जमलंय. उद्या दुपारी कापून टाकायची. मग पत्रे जोडायचं वेल्डिंग आन्सेल्मो करून देणार. वेळेत होणार सगळं. आनंद व्हायला हवा. होत नाही.

या शांततेत उद्याचा दिवस नाही निघायचा. फडताळामागून रेडिओ काढून पुसून ठेवलाय. कंप्रेसर घरात आल्यापासून त्याला कोण ऐकतंय!

५ जुलै, गुरुवार

होडी नाकापर्यंत कापली आणि हात शेकायला आत आले. रेडिओवर बाराचे निरोप चालू होते. फोन नसलेल्या गावांसाठी वाचतात ते. कुणाची तरी मेंढी सापडली, कुणाचं तरी औषध लाँचने येतंय. मग:

"नोल्फा गिनेओ बाईंना, पुंता आरेनासहून, चौथ्यांदा. आई, मुलगी तीन आठवड्यांची झाली. रविवारी बाप्तिस्मा. यास्ना म्हणते, तुझ्याशिवाय करायचा नाही. तू येते म्हणत नाहीस, नको म्हणत नाहीस. आता पुन्हा विचारणार नाही. आबेल."

चौथ्यांदा! सगळ्या गावाने ऐकलं. चारही वेळा!

तशीच धावले, एप्रनवर. ओतिलियाच्या दुकानात मला धड बोलता येईना. "मला माहीत नव्हतं गं — कंप्रेसर —" तिने तोंडावर हात ठेवला. मग दोघी काउंटरवर डोकं टेकून रडलो आणि मग हसलो.

बस सकाळी सहाला. दोन दिवसांचा रस्ता, शनिवारी रात्री पोचेन. ओतिलियाचा नवरा आत्ताच निघालाय, रेडिओवाल्यांना सांगायला: येतेय.

९ तारखेला वळणावर ओतिलिया मेणबत्ती लावणार आहे, कुजक्या घरातच. पत्रा तसाच शेडमध्ये आहे, होडी अर्धी कापलेली.