चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

मंगळवार, ७ जून

प्रिय ठमे,

तू मजेत असशीलच. आम्हीही बरे आहोत. तुझ्या भावजींचा गुडघा आता कुरकुरत नाही, ते स्वतःच कुरकुरतात.

काल आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, नैसर्गिक लॉगॅरिदमसाठी यंदा तुझं पुस्तक लावायचं. वर मलाच म्हणाल्या, घराणंच हुशार तुमचं. मी हसले आणि चहा तसाच टाकून वर्गावर गेले. बावीस वर्षं मी इथे हाच धडा शिकवतेय गं. मला कुणी म्हटलं नाही, बाई, तुम्ही लिहा.

खोटं कशाला बोलू, जळफळाट झाला माझा. तुझी प्रुफं तपासायला घेतली तेव्हाही होताच. लॉगची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग, वजाबाकी म्हणजे भागाकाराचा, घात उतरवून पुढे आणायचा. हे मी पोरांकडून घोकून घेते, तू दोन ओळींत पटवून देतेस. बाबा म्हणायचे, थोरलीला गणित पाठ होतं, धाकटीला दिसतं. तू विसरलीही असशील. मी नाही विसरले.

म्हणून मी तपासायला नाही, चूक शोधायला बसले. चाळीस पानं काही सापडेना, तेव्हा तर तुझा जास्तच राग आला. मग चौदावा प्रश्न आला.

ln x + ln(x − 3) = ln 10

डावीकडचे दोन लॉग एकत्र केलेस, x(x − 3) = 10 असं सुटसुटीत आणलंस आणि उत्तर दिलंस, ५ किंवा −२. अगं, उणे संख्येचा लॉग घेतात का आपण? मूळ समीकरणात −२ घालून पाहायचं होतंस. पण सोपं रूप हाती आलं की तुला ताळा करायचा कंटाळा, ही जुनीच खोड. पहिल्याच आठवड्यात एखादं आगाऊ पोर उभं राहून हे दाखवेल आणि मग पुस्तकातल्या बरोबर गणितांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

मला इतका आनंद झाला, की लाज वाटते सांगायला. लाल पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. तुला फोनवर म्हटलं, "एकही चूक नाही, दे छापायला."

तू रडायलाच लागलीस. म्हणालीस, "ताई, तू बघितलंस ना, मग मी निर्धास्त."

त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही मला.

सोमवारी छपाई आहे. त्याआधी ते −२ काढ आणि का काढलं तेही दोन ओळींत लिही, पोरांना उपयोग होईल. पहिल्या पानावर माझे आभार मानलेस, तेही काढ.

नजरचुकीनं राहून गेलं असं लिहून मोकळी झाले असते. तू मानलंही असतंस. पण मी ते पाहिलं होतं, ठमे.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझीच
ताई