तपकिरी स्वेटरातला कागद

अरुणा,

पावणेसहा झाले, पहिल्या शिफ्टला निघतो. तू झोपली आहेस म्हणून उठवलं नाही. चहा कंपनीतच घेईन.

पनवेलच्या दुकानातून तू घालून बघायला आणलेल्यांपैकी कातडी हातमोजे ठेवतो. लोकरीचे दवाने भिजतात आणि तळोज्याला पोचेपर्यंत बोटं ब्रेकवर आखडतात. बिनबाह्यांच्या दोन स्वेटरांपैकी तपकिरी ठेवतो. निळा आज परत कर, दुकानदाराने आजचीच मुदत दिली आहे.

तपकिरी का, ते सांगतो. थंडीत सायकलवर छातीला वारा लागू नये म्हणून तुझी आई जुना पेपर तव्यावर शेकून माझ्या स्वेटरात घालायची. ती गेल्यावरचा हा पहिलाच हिवाळा. परवा रात्री दोन्ही स्वेटर खुर्चीवर ठेवले होते. काल सकाळी तपकिरीत पेपरची घडी होती. आजही आहे. आत्ता हात लावून पाहिला, कागद कोमट आहे. स्टोव्ह गार आहे.

काल तुला विचारलं तर म्हणालीस, "बाबा, कसला कागद?" मला वाटलं, मस्करी करतेस.

रविवारी आत्या येईल, तिच्यापाशी यातलं काही बोलू नकोस. ती भटजी बोलावून शांती करायला लावील आणि तुझ्या आईला वाटेला लावील.

कागद तू ठेवत असशील तर खाली 'हो' लिही, मी रागावणार नाही. ठेवत नसशील तर काहीच लिहू नकोस.

बाबा