बारा जवाब आणि एक खोली

३ मार्च, सकाळी
आजपासून प्रशिक्षण. बारा तरुण वकील, सहा महिने. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही ती पायरीच ठेंगणी करणार. गोरगरिबांना दिवाणी न्याय! फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. उद्यापासून पाचला उठणे.

५ मार्च
पावणेआठला उठलो. वय झालं.
शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. घरमालकानं खोली रिकामी करून मागायचा दावा लावलाय. सतरा वर्षं तिथंच राहणं, तिथंच मशीन. दाव्याला लेखी जवाब द्यायला तीस दिवस, पैकी सहा गेले. म्हटलं, निर्धास्त राहा, तुमच्यामागे एक नाही, बारा वकील आहेत. बाईंनी हात जोडले. फार बरं वाटलं.

८ मार्च
कल्पना सुचली. बाईंची केस म्हणजे आयता धडा! फाइलच्या बारा झेरॉक्स. प्रत्येकानं स्वतंत्र जवाब लिहायचा.

१४ मार्च
बारा जवाब आले. एकही धड नाही. लाल पेन संपलं. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीनं विचारलं, सर, कोर्टात कधी द्यायचा? म्हटलं, आधी पाया पक्का. अति घाई संकटात नेई.

२१ मार्च
जवाबांची दुसरी फेरी. सुधारणा आहे.
बाई येऊन तासभर बाहेरच्या बाकावर बसल्या म्हणे. माझं लेक्चर चालू होतं. विषय : अशिलाचं ऐकून घेणे. संपवून बाहेर आलो तर गेलेल्या. थोडं थांबायला काय झालं होतं?

२८ मार्च
तिसरी फेरी. कोणता मुद्दा आधी घ्यायचा यावर दोन तट. मतदान. सहा-सहा. माझं निर्णायक मत राखून ठेवलं.
घरी हिनं विचारलं, अहो, त्या बाईंचं काय झालं? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे.

३१ मार्च
चष्मेवालीनं बोटांवर मोजून दाखवलं : मुदत परवाच संपली. बाराही जणांना वाटलं, सर देतील. मला वाटलं, मुलं देतील. अर्थात उशीर माफ करण्याचा अर्ज देता येतो. तोही उत्तम धडा होईल.

३ एप्रिल
अर्ज घेऊन सगळे कोर्टात. खिडकीवरच्या कारकुनानं फाइल उलटून पाहिली. म्हणाला, जवाब तर सत्तावीसलाच आलाय. दीड पान. शिवाय निकाल लागेपर्यंत बाईंना हलवू नये, असा हुकूमही झालाय.
गेटबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या टायपिस्टनं जवाब लिहून दिला होता. बाई तिथंच भेटल्या. म्हणाल्या, तुमचं शिकवणं एवढं महत्त्वाचं, मध्ये कुठं त्रास द्यायचा? टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं. लाज वाटली, हे इथं लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठं लिहिणार नाही.

४ एप्रिल
दहा वाजता हॉलमध्ये बारा रिकाम्या खुर्च्या. शिपाई म्हणाला, पोरं टायपिस्टकडे बसलीत. ठीक. याला फील्ड व्हिजिट म्हणता येईल. मागाहून मंजुरी दिली.
साडेअकरापर्यंत बसलो. मग मीही गेलो. टायपिस्टनं मान वर न करता विचारलं, काय काम? म्हटलं, शिकायचंय.
म्हणाला, रांग मागून आहे.
उभा राहिलो.