समाधीसाठी घडवून ठेवलेले दगड

मी, विरुपाक्ष बिन शिवप्पा, जात लिंगायत, धंदा शेती व किराणा, राहणार मौजे माकणी, जिल्हा उस्मानाबाद, वय सत्तरीच्या आसपास, होशहवास शाबूत असताना, कोणाच्या भिडेला वा धाकाला न पडता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. आजवर या गावात माझा शब्द चालत होता. आता माझ्याच घरात तो चालेना म्हणून कागद करावा लागतो आहे, याची मला लाज वाटते.

राहते घर, दुकान आणि तेरणाकाठची जमीन मुलगा बंडप्पा याची. गाय आणि मोठी पितळी परात सूनबाई महानंदा हिची. त्यावर बंडप्पाने हक्क सांगू नये. छत्री मेहुणे धोंडप्पा यांना द्यावी. दर पावसाळ्यात ते ती मागून नेतातच, आता परत आणून देण्याचा त्यांचा त्रास वाचेल.

गावाच्या वरच्या अंगाची माळाची जागा, जिथे गिरजाघर उभे आहे, ती मी पाळक कोंडीराम यांच्या ख्रिस्ती मंडळीला कायमची दिली आहे. गेल्या साली भाद्रपदात पुराने त्यांचे नदीकाठचे गिरजाघर आणि घरे वाहून नेली, तेव्हा ही जागा मी तोंडी दिली होती. परवा बंडप्पा त्यांना म्हणाला, "आप्पा हायेत तवर बसा. मागनं बघू." मागनं बघायला काही उरू नये, म्हणून हे लिहितो.

नवे गिरजाघर बांधू लागायला सोलापूरच्या चर्चमधून स्वयंसेवक आले होते. तीन भिंती उठल्या होत्या, चौथीचे दगड रचून ठेवले होते. तेवढ्यात परतीचा पाऊस लागला आणि पुराने पोखरलेली आमच्या रुद्रभूमीची, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीची, दरड कोसळली. माझी बायको शांताक्का हिची समाधी उघडी पडली. कागद वाचणाऱ्या अंमलदारासाठी सांगतो, आमच्यात माणसाला बसवून पुरतात. ती नदीकडे तोंड करून तशीच बसलेली होती, आणि खालून माती सुटत होती.

मी बंडप्पाला निरोप धाडला. जमिनीतल्या धान्याच्या पेवात पाणी शिरले म्हणून तो ज्वारी उपसत होता. "ज्वारी सडंल. आई कुठं चालली?" असे त्याने निरोप्याला सांगितले.

मी काठी टेकून वर उभा. कोंडीराम आणि सोलापूरची माणसे कोणी न बोलावता खाली उतरली. त्यांच्यातल्या उमाबाईंनी अंगावरची शाल शांताक्कावर पांघरली, आणि सगळ्यांनी तिला हातांवर उचलून आतल्या घट्ट मातीत नीट बसवले. मग चौथ्या भिंतीचे दगड गाडीत घालून आणून त्यांनी सारी दरड बांधून काढली.

"आन् तुमची भिंत?" मी विचारले.

"भिंत व्हईल की पुढल्या साली, आप्पा," कोंडीराम म्हणाले. "आक्काला आसं उघडं ठिवू न्हाय."

दुसऱ्या दिवशी, त्यांचे हात लागले म्हणून, बंडप्पाने जंगम बोलावून जागा शुद्ध करून घेतली. मेल्या माणसाचाही विटाळ धरू नये असे सांगणारा आमचा धर्म, आणि त्यातल्या माणसाने हे केले. ती माणसे माळावर भाकरी खात होती, तिथून त्यांनी सगळे पाहिले. महानंदा मला म्हणाली, "त्येंनी आत्याबाईला हातावर उचललं, आन् आपण पाणी शिंपडतो व्हय?" मला तिच्याकडे बघवले नाही.

गिरजाघराच्या चौथ्या बाजूला अजून बांबूच्या तट्ट्याच आहेत.

शांताक्काचे इरकली लुगडे सोलापूरला उमाबाईंना पोचवावे. महानंदाने आपल्या हाताने द्यावे.

माझ्या समाधीसाठी मी पाथरवटाकडून दगड घडवून अंगणात रचून ठेवले आहेत. ते सगळे गिरजाघराच्या चौथ्या भिंतीला द्यावेत. मला शांताक्काशेजारी नुसत्या मातीत बसवावे. बंडप्पा म्हणेल, पूर आला तर आप्पा उघडे पडतील. पडू दे. बाळा, तू खुशाल ज्वारी उपसायला जा. ती माणसे बोलावल्यावाचून येतील, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचीच मला लाज वाटते.

सही: विरुपाक्ष बिन शिवप्पा
साक्षीदार: शरणबसप्पा, सही
गुंडप्पा, निशाणी अंगठा
मुक्काम माकणी, माहे आजूर, सन १३५५ फसली (इंग्रजी सन १९४५)