डावीकडची सीट

६ फेब्रुवारी

ट्रकच्या गिअरचा दांडा काढण्याआधी मला एका शब्दाने विचारायला तुझी जीभ झडली होती का? झालं, आता आशीर्वाद घे. चि. बारक्यास आजीचे अनेक आशीर्वाद.

हे ट्रक घेऊन तुझ्याकडे गॅरेजात राहायला गेले ते ब्रेक दाखवायला, असं मला सांगून. काल शेजारचा ड्रायव्हर म्हणाला, नातवाने गिअरबॉक्सच उतरवलाय, ऑटोमॅटिक बसवतोय. क्लच नाही, दांडा नाही. म्हणे आजीला त्रास नको.

मला कसला त्रास? ह्यांचा डावा हात मोडला तेव्हा तुला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं. बोटं मिटेनात, दांडा धरवेना. सगळे म्हणाले, ट्रक विका. मी डावीकडच्या सीटवर चढून बसले. हे क्लच दाबून हनुवटी हलवायचे, मी गिअर टाकायची. अठरा वर्षं विटा वाहिल्या अशा. एकदा दहा दिवस आमचा अबोला होता, तरी एक गिअर चुकला नाही.

घरात हे माझं काही ऐकत नाहीत. ट्रकमध्ये मात्र माझ्या हाताशिवाय चाक हलत नव्हतं. माझी तेवढीच एक जागा, ती तू पाने लावून खोललीस.

जुना गिअरबॉक्स परत बसव. शनिवारी मला ट्रकमध्ये बसायचंय. स्वेटर मिळाला का कळव. ह्यांना मोजे घालायला सांग. आणि स्वेटरचं तू काही लिहिलं नाहीस.

राग उतरला की माया पूर्वीसारखीच.
तुझी आजी

९ फेब्रुवारी

ती. आजीस बारक्याचा साष्टांग नमस्कार.

स्वेटर मिळाला. हे मी तिसऱ्यांदा लिहितोय, आजी.

आजोबांना न सांगता लिहितोय. ऑटोमॅटिकचं त्यांनीच काढलं. मी म्हणालो, आजी मला सोलून काढेल. ते म्हणाले, माझ्या नावावर ढकल, ती माझ्यावर चिडली तर चालेल, पण कारण सांगू नकोस. मला राहवत नाही, म्हणून सांगतो.

मागच्या महिन्यात उतारावर, भरल्या गाडीत, आजोबांनी क्लच दाबून मान हलवली. तू दांड्याकडे बघत राहिलीस आणि विचारलंस, हे काय आहे. मग विचारलंस, आपण कुठे चाललोय. आजोबांनी गाडी वाळूच्या ढिगात घातली म्हणून थांबली. तू त्यांच्यावर ओरडलीस, नीट चालवता येत नाही का म्हणून. हे सांगताना ते माझ्यासमोर रडले.

दोन्ही गिअरबॉक्स खाली ठेवलेत. तू म्हणशील तो बसवतो.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.
तुझा बारक्या

१३ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

वाळूचा ढीग आठवतो. मी ओरडले तेही आठवतं. मधलं काही नाही. तीन दिवस भांडी घासताना शोधतेय, अंथरुणात शोधतेय. नाहीच.

नवीन बसव. म्हाताऱ्याला मारायला मी अठरा वर्षं शेजारी बसले नाही. जुना भंगारात घाल, माझ्या डोळ्यांसमोर नको.

मला लागलंय ते निराळंच. मी विसरले, हे ह्यांनी तुला सांगितलं, मला नाही. महिनाभर माझ्या हातचं जेवले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, म्हातारपणी प्रेम आलंय. मी खूश होते रे.

आता दांडा नाही, म्हणजे मला काम नाही. बिनकामाची बायको त्या सीटवर बसवायची का, ते ह्यांनी ठरवावं. बसवलं तर मी वाटेत तीनदा विचारीन कुठे चाललोय, आणि ह्यांना तीनदा सांगावं लागेल, न चिडता. जमणार असेल तर शनिवारी डबा घेऊन फाटकाशी उभी राहते. जमणार नसेल तर तसं लिहावं, मी घरात बसेन.

तुझ्यावर राग नाही. माया आहे तशीच.
तुझी आजी

ता. क. ह्याचं उत्तर तू लिहायचं नाहीस. ह्यांचा उजवा हात धड आहे. ह्यांनीच लिहायचं.