दार वाजलं तेव्हा

लॉरेटा,

वर्षभर अमेरिकेत तुझ्याकडे राहून, तिकडच्या शाळेत शिकून आमची हिल्के नेदरलँड्सला परतली. इथली परीक्षा पास झाली, म्हणून रीतीप्रमाणे घराच्या झेंड्याला तिचं दप्तर टांगलं. ते पाहून कुणीतरी दार वाजवलं. हिल्केने झटकन पडदे ओढले, दिवा मालवला आणि ती कपाटाआड जाऊन बसली. आमच्या गल्लीत पडदे कोणीच ओढत नाही.

“अगं वेडे, शेजारची ट्रुसमावशी आहे!”

“आई, हळू! बंदूकवालाही गोड बोलूनच दार उघडायला लावतो. तिकडे शाळेत सराव करून घेतलाय आमच्याकडून.”

मी दार उघडलं नाही.

तुझी लेक डार्ला हिल्केच्या बदल्यात आमच्याकडे राहायला आली, तेव्हा अशीच दडायची. वर्षभरात आम्ही तिला हसत दार उघडायला शिकवलं.

हे पत्र टाकायचा धीर होत नाही. पण आता डार्ला तुमच्या शाळेत परतलीय, लॉरेटा.

— हेनी